भावोजी, मी आणि दोन दारांची गाडी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे अक्षरशः वाकून. परवापासून मला सरळ उभंच राहता येत नाही. का, ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना? आम्ही खुशाल आहोत. भावोजीही खुशाल आहेत, असं त्यांनी कळवायला सांगितलेलं नाही. मीच आपला कळवतो.

तुमचं भांडण झालं आणि भावोजी एक बॅग, हत्यारांच्या दोन पेट्या आणि ती लाल जर्मन गाडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत राग निवळेल. आता महिना होत आला. शेडमध्ये माझी स्कूटर असायची, ती अंगणात आली. अंगणातल्या कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवर गेल्या. गच्चीवर मी संध्याकाळी जरा टेकायचो. आता मी कुठेच टेकत नाही.

जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर सेकंडहँड स्पोर्ट्स गाडी घ्यावी, यात वावगं काही नाही. गाडी दणकटही आहे, खोटं कशाला बोलू? इंजिन कधी कुरकुरत नाही. पण त्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी प्लॅस्टिकची, आणि ती जुनी झाली की बिस्किटासारखी मोडते. म्हणजे पैलवानाला काचेची मनगटं! शिवाय तेल बघायची पट्टीच नाही. आपल्या बाबांच्या गाडीची कशी, पट्टी ओढली, पुसली, बघितली, झालं. इथे तेल किती ते गाडीलाच विचारायचं, आणि ती एक चक्कर मारून गरम झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. भावोजी घरीच तेल बदलायला बसले, तेव्हा गाडीच्या पोटाखालचं झाकण काढण्यात अख्खी दुपार गेली. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी ते साखरेच्या डब्यात ठेवले. (डबा रिकामा नव्हता.) त्यातून पिवळा दिवा लागला की ते स्टिअरिंगखाली एक यंत्र खुपसतात आणि यंत्र बिघाडाचा नंबर सांगतं. तो नंबर ते सकाळी चहाच्या वेळी मला ऐकवतात. मी पडलो चष्म्याचा दुकानदार. नंबर ऐकला की माझा हात आपोआप भिंगांच्या खणाकडे जातो.

तर परवा नवी नळी बसवून झाली आणि गाडीची परीक्षा घ्यायला आम्ही निघालो. पुढे तुझी भावजय, मागे मी. मागे दोन माणसं बसतात असं कंपनीचं म्हणणं. तिथे फार तर पिशवी बसते; माणूस बसला तर त्याची पिशवी होते. चक्कर झकास झाली. परत आलो, तुझी भावजय उतरून घरात गेली आणि भावोजी इंजिन बंद करून, दिवे आणि रेडिओ चालू ठेवून, मला नळीची थोरवी सांगत बसले. जुन्या बॅटरीने तेवढ्यात मान टाकली. आता या गाडीची पुढची सीट सरकते विजेवर. वीज नाही, म्हणजे मी आत कोंडलेला. बॅटरी आहे डिकीत, आणि डिकी उघडते तीही विजेवर! भावोजी म्हणाले, थांब, किल्लीच्या पोटात दुसरी किल्ली असते, तिने उघडतो. म्हणून त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच अडकले. सीट जमिनीला टेकलेली, गुडघा वळेना. अर्धे भावोजी रस्त्यावर, अर्धे जर्मनीत. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच गॅलरी हसली.

भावोजी लालबुंद झाले. पाय आत ओढून घेतला. मला फक्त त्यांचं डोकं मागून दिसत होतं. मागे न बघताच म्हणाले, "ती पण अशीच अडकली होती रे. सगळ्या शेजाऱ्यांसमोर."

मी म्हणालो, "मग?"

"मी हसलो. हात द्यायचा सोडून हसलो."

ताई, तू मला फोनवर सांगितलंस की भांडण गाडीवरून झालं. हे नाही सांगितलंस. मी म्हणालो, मग तिला तसं सांगा ना. तर म्हणाले, "गणिताच्या मास्तरला चुका काढायची सवय असते. कबूल कशा करतात ते कुणी शिकवलंच नाही."

शेवटी तुझी भावजय बाहेर आली. तिने काही न विचारता भावोजींना दोन्ही हात दिले आणि उभं केलं. मला दोन सीटांच्या फटीतून ओढून काढलं. मी आलो, कंबर मागे राहिली. नवी बॅटरी त्याच दिवशी बसली. पण कालपासून भावोजींनी इंजिनाकडे बघितलेलं नाही. शेजारच्या सीटवर त्यांनी जाड गादी शिवून घातली आहे, दाराला धरायला पट्टा लावलाय, आणि स्वतः शंभरदा बसून उठून बघतायत. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाले, गाडीसाठी.

बाकी ठीक. थंडीत जपून राहा.

तुझा धाकटा

ता. क. त्यांचा फोन आला तर उचल. ते रोज नंबर लावतात आणि घंटा वाजायच्या आत ठेवून देतात, म्हणून आज मी शेजारी उभा राहणार आहे.

आणखी ता. क. त्यांना बसने बोलाव. गाडी काही दिवस इथेच राहू दे. हल्ली दुकानातून घरी येताना गाडीच्या ओढीने माझे पाय जरा भरभर पडतात. भावजयीला बोलू नकोस.

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. माणूस तुमचा, भाऊही तुमचाच. दोघांनाही घेऊन जा. गाडी मात्र राहू द्या. हे दुकानात गेले की भावोजी मला रोज चालवायला शिकवतात. काल मी नदीपर्यंत नेली. दोनदा चढावर बंद पडली, मागे लोक भोंगे वाजवत होते. भावोजी हसलेही नाहीत, ओरडलेही नाहीत. तेव्हा फोन उचलाच.