उत्तरेश्वरच्या सायकलला नवं हँडल

तेलगाव

प्रिय शिवकन्या,

फोन असताना मामा पत्र कशाला लिहीत बसले, असं तुला वाटेल. त्या दिवशी फोनवर तू हँडलचं विचारलंस तेव्हा तुझी सासू शेजारीच ज्वारी निवडत होती. उत्तरेश्वरच्या सायकलचं नाव निघालं आणि लेकाच्या आठवणीनं तिचा सुपातला हात थांबला. मग मी 'बघून सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला. आता ती छावणीवर गेली आहे, गाईंना भाकरीचा तुकडा घालायला. यंदाही पावसानं पाठ फिरवली, जनावरं सगळी छावणीत आहेत. घर मोकळं मोकळं वाटतं, म्हणून निवांत लिहितो.

कुत्रं आडवं आलं आणि तू पडलीस म्हणालीस. कोपर खरचटण्यावर निभावलं, देवाची कृपा. पण हँडल एका बाजूनं वाकलंय आणि तू ते सरळ करून घेणार आहेस, ते मात्र करू नकोस. तू म्हणालीस, त्यांनी हौसेनं बसवलेलं आहे, काढून टाकवत नाही. पोरी, तुझं मन मला कळतं. तरीही नको.

बहात्तरच्या दुष्काळात मी आपल्या दूध सोसायटीचे कॅन सायकलवरून डेअरीला पोचवायचो. दूध ते किती असणार? विहिरींचे तळ उघडे पडलेले, चारा नाही, निम्मी जनावरं बाजारात गेलेली. पण चेअरमन बबनराव म्हणायचे, एका म्हशीचं दूध आलं तरी सोसायटीचं दार उघडं राहील, एकदा बंद पडलं की पुन्हा उघडत नाही. त्या सायकलचं हँडल एकदा खड्ड्यात आदळून वाकलं. लोहारानं तापवून, ठोकून इतकं सरळ केलं की वाकलेलं कुठं होतं तेही दिसेना. आम्ही सगळ्यांनी हात फिरवून पाहिलं आणि खूश झालो.

पुढं काही दिवसांनी उतारावर ते हँडल कट्‌कन तुटलं. त्याआधी आवाज नाही, डगमग नाही, काहीच कळलं नाही. अर्धं हँडल माझ्या हातात आणि मी रस्त्यावर. तिथंच दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. सगळं दूध मातीत गेलं. त्या मातीनं ते असं पिऊन टाकलं की ओलसुद्धा राहिली नाही. बाया हळहळल्या, कुणी कॅनच्या तळाशी राहिलेलं दूध एका लेकराच्या तोंडाला लावलं. एक पोरगी मात्र दुधाकडं न बघता माझ्याकडं आली. माझं मनगट धरून पाहिलं, पदराची चिंधी फाडली आणि करकचून बांधली. म्हणाली, "रडू नका, दूध उद्या बी येईल." मी रडत नव्हतो, डोळ्यात धूळ गेली होती. पण तिला ते अजून पटलेलं नाही. तीच तुझी सासू, तुळजा. त्यानंतर मी त्या उतारावर रोज सायकलवरून उतरून पायी जायचो. हाडाला जपतो असं सगळ्यांना सांगायचो. तिथं मजुरांना खायला वाटलेली सुकडी ती पानात बांधून माझ्यासाठी ठेवायची. लोक दुष्काळाच्या आठवणीनं कानाला हात लावतात, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसतो.

बबनराव रागावले नाहीत. बीडहून नवं हँडल आणलं आणि स्वतः उभं राहून बसवून घेतलं. "दूध सांडलं तर सांडलं, माणूस सांडायला नको," म्हणाले.

तर तुझ्या हँडलसाठी मी मागच्या आठवड्यात औरंगाबादला जाऊन आलो. तिथल्या मोठ्या सायकलच्या दुकानात दुपारभर बसलो. दुकानदार भला माणूस, कंटाळला नाही. त्यानं सांगितलं की ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं की संपलं, सरळ केलं तर तिथंच कधीतरी तुटतं. कार्बनचं कुणाचं वापरलेलं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस, आतली चीर वरून दिसत नाही. नवं साधं ॲल्युमिनियमचं, नावाजलेल्या कंपनीचं घे. ते जिथं स्टेममध्ये, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या पुढच्या तुकड्यात, बसतं तिथली जाडी तंतोतंत जुळायला हवी. सैल बसलं म्हणून पत्रा घालून कुणी बसवून देत असेल तर उठून ये. स्टेमवर स्क्रू किती आवळायचे त्याचा आकडा छापलेला असतो, आणि तेवढाच जोर मोजणारा पाना असतो. त्याच पान्यानं, आलटूनपालटून सारखे आवळायला सांग. पडताना स्टेमला काही झालंय का तेही बघून घे. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं पाहिजेत.

आणि मुख्य म्हणजे रुंदी. आपल्या एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढं हँडल हवं. उत्तरेश्वरचे खांदे तुला ठाऊकच आहेत, दारातून येताना तिरका व्हायचा. त्याच्या मापाचं हँडल धरून तू दोन वर्षं सायकल चालवलीस. हात बधिर होतात, मान दुखते, असं तूच मागं सांगत होतीस, आणि आम्ही ते दुःखाचंच दुखणं समजत राहिलो. तुझ्या मापाचं घे. ब्रेक तुझ्या बोटांना सहज पोचले पाहिजेत. माझा लेक तापानं चार दिवसांत गेला, त्याला काहीच करता आलं नाही. सायकलचं करता येतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. रविवारी उमापूरचा शहादेव, पुण्यात तुझ्याबरोबर सायकल चालवणारा, आपल्याकडं येऊन गेला. तुला हे माहीत नाही, तो तुला न सांगताच आला होता. ओट्यावर बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून बसला. मग म्हणाला, "मामा, तिला तुमाला इचारायचं धाडस होत न्हाई. तुमी नको म्हणलात तर मी पुन्यात बी तिच्यासमोर येणार न्हाई." तू पडलीस तेव्हा मागून येऊन तुला उचलणारा तोच, हेही त्याच्याकडूनच कळलं. तुळजा आत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, त्याच्याकडं पाहिलं आणि फक्त विचारलं, "जेवून जाशील ना?" त्याला वाढताना तिचे डोळे वाहत होते, पण तिनं भाकरी करायची थांबवली नाही. तो गेल्यावर ती चुलीपाशी बसून राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "तिला कळवा. लगीन आपल्या दारातून होईल." तुझे भाऊ येणार नाहीत, कन्यादानाला कोण बसणार, असं तू त्याला एकदा म्हणाली होतीस म्हणे. आम्ही दोघं बसू.

तुझाच,
रामकिसन मामा