नवी वही, जुनी मापं

३ मार्च

चि. चिमणीस मावशीचे अ. उ. आ.

पत्र उभ्या उभ्याच लिहितेय. धाकट्या मालकाने दावा लावलाय. म्हणे, शिलाईचं दुकान मला दोनच वर्षांपूर्वी तात्पुरतं दिलं होतं, आता रिकामं करा. बावीस वर्षं झाली गं! थोरल्या मालकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जागा तोंडी दिली. कागद त्यांनी केला नाही, मी मागितला नाही. आता ते नाहीत. इथले वकील म्हणतात, पुरावा आणा. मी म्हटलं, माझे गुडघे बघा, याच दुकानात मशीन चालवून गेलेत. ते हसले नाहीत.

दुकान गेलं तर मी घरी बसून करू काय? तू एवढी वकील झालीस, आता मावशीच्या कामाला ये. तुझे काका नुसते 'बघू' म्हणतात.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पुरावा आहे! गिऱ्हाइकांच्या मापांची तुझी जुनी वही! पानापानावर दुकानाचा पत्त्यासकट शिक्का, प्रत्येक मापाखाली तारीख. आणि धाकट्या मालकाचे शाळेचे गणवेश तूच शिवायचीस ना? पोरगा तुझ्या वहीत इंचाइंचाने वाढलाय! हे सुचलं तेव्हा मी ऑफिसात ओरडलेच. आमच्या मोठ्या वकिलांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी खालीच बसले.

वही वकिलांकडे दे. न्यायाधीशांना नीट वाचता यावी म्हणजे झालं.

काकांना नमस्कार सांग, माझ्यावर माया आहेच, ती वाढव.
तुझी चिमणी

१४ मार्च

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुझ्या पत्राने जिवात जीव आला. वही सापडली, पण काय तिचा अवतार! तेलाचे डाग, पेन्सिलीचं पुसट अक्षर, जागोजागी टाचण्या. अशी वही न्यायाधीशांपुढे ठेवायची? म्हणून चार दिवस बसून सगळी मापं नव्या कोऱ्या वहीत निळ्या शाईने उतरवली. समासही आखले. वाचायला अगदी सोपी! काका म्हणाले, छापल्यासारखी दिसते.

जुन्या वहीचा कागद छान जाड होता. माझ्या शिवणवर्गातल्या मुलींनी त्याचे कॉलरचे नमुने कापून नेले. काही वाया गेलं नाही.

आता बघच कशी जिंकते,
तुझी मावशी

१८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, काय करून बसलीस! लहानपणी फ्रॉकवरचा चॉकलेटचा डाग दाखवून तू माझी चोरी पकडायचीस. मी फ्रॉक धुऊन आणला असता तर? तसाच तू डाग धुऊन टाकलास. ते तेल, ती पेन्सिल, तो शिक्का, तोच तर पुरावा होता. गेल्या आठवड्यात तू स्वतः लिहिलेल्या वहीला कोर्टात कोण विचारणार?

मुलींकडून मिळतील तेवढे तुकडे गोळा कर. कोर्टात विचारलं तर नक्कल आहे म्हणून सरळ सांग, एक अक्षर खोटं बोलू नकोस. चूक माझीच आहे. 'नीट वाचता यावी' असं मीच लिहिलं होतं. मला रात्रभर झोप नाही.

रागावली असलीस तरी तुझीच,
चिमणी

२९ मार्च

चि. चिमणीस अनेक, अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद!

बस आधी. बसलीस?

तुकडा एकही मिळाला नाही, सगळे केरात गेले. नुसती नवी वही घेऊन पिंजऱ्यात उभी राहिले. समोरच्या वकिलांनी ती हुंगली आणि म्हणाले की शाई अजून ओली आहे. सगळे हसले. मी म्हटलं, हो, याच महिन्यात जुनीवरून उतरवलीय. तेव्हा तर त्यांना चेवच चढला. ही तुमची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवा म्हणाले. मी धाकट्या मालकाच्या गणवेशाचं पान वाचायला लागले. इयत्ता सहावी, हाफपँट, लांबी साडेचौदा, खिसा डावीकडे.

आणि धाकटा मालक ताडकन उठला! म्हणाला की साफ चूक, खिसा उजवीकडे होता, गोट्यांसाठी त्याने हट्टाने मागितला होता, आणि बाईंनी आरशासमोर उभं करून तिथल्या तिथे टाचणीही लावली होती. त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं की आरसा कुठला. भरात होता, दुकानातलाच, दाराशेजारचा, असं सांगून बसला. मग वय विचारलं. तेव्हा अकरा, आता बत्तीस. न्यायाधीश म्हणाले, हे सगळं लिहून घ्या. दुपारी धाकट्या मालकाने दावा मागे घेतला, आणि जागेचा रीतसर कागदही करून देणार आहे!

काका विचारतात, खिसा मुद्दाम चुकवलास का. मापाच्या वहीत मी मुद्दाम चूक करीन? उतरवताना चुकलं, आणि त्याची मला अजून लाज वाटतेय.

कोर्टाच्या पायऱ्यांवर धाकटा मालक मान खाली घालून उभा होता. म्हणाला, विसरलो होतो. मी म्हटलं, विसरला नव्हतास, खोटं बोललास. राग गेलेला नाही माझा. पण त्याच्या कोटाची कॉलर मागे उलटली होती, ती सरळ केली आणि मगच घरी आले.

उद्या नवाला दुकान उघडायचंय. मीच उघडणार!

आनंदाने वेडी झालेली,
तुझी मावशी