मुकी अंगठी

२ सप्टेंबर १९९१

पुन्हा नापास! दहातल्या सहा अंगठ्या परत. हिरामणमामांनी एकेक कानाशी धरली, बोटानं टिचकी मारली आणि बाजूला टाकली. "वाजते... ही पण वाजते." खडा सैल असला की टिचकीसरशी आत बारीक खुळखुळतो. अंगठी मुकी पाहिजे. पण देण्याआधी मी स्वतः कानाशी धरून बघितल्या होत्या — सगळ्या मुक्या!

आणि हे सगळं पितळ अन् काचेचे खडे. सोनं अजून हातात आलेलं नाही. डोळे चुरचुरतात. मान धरली आहे.

५ सप्टेंबर

चार परत.

८ सप्टेंबर

नाक्यावर पॉवरलूमचा मुकादम भेटला. "अनंता, एक शिफ्ट खाली है. वापस आ जा." नऊ वर्षं त्याच्या हाताखाली काढली. डॉक्टर म्हणाले, छातीत कापूस बसलाय, लूम सोडा — म्हणून सोडली. बायकोनं, बकुळानं, तिच्या मामांकडे शब्द टाकला तेव्हा कुठे खडे बसवायच्या या पाटावर बसायला मिळालं. मामांनी घटस्थापनेपर्यंत मुदत दिली आहे. दहाच्या दहा मुक्या निघाल्या तर दिवाळीचं सोन्याचं काम, नाहीतर पाट दुसऱ्याला.

मुकादमाला म्हटलं, बघतो.

१४ सप्टेंबर

लाखेच्या दांडीवर अंगठी पक्की करायची. खडा सपाट टेकवायचा. मग खड्याला धरणाऱ्या चार नख्या सळईनं थोड्या थोड्या, समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या. एकच आधी पुरती दाबली की खडा पलीकडून उचलतो. हे सगळं मला कळतं. हातही आता थरथरत नाही. मग अंगठी सोडवून डाव्या चिमटीत, डाव्या कानाशी, उजव्या बोटानं टिचकी. शांत. मामा घेतात — "वाजते."

म्हाताऱ्याला मी नकोच आहे. भाचीसाठी तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढंच. आज उलट बोललो, "मामा, मला तर काय ऐकू येत न्हाय." म्हणाले, "ऐकायची घाई करतोस तू." घाई!

१५ सप्टेंबर

बकुळाशी भांडलो. तुझ्या मामानं माझ्यावर डूख धरलाय, म्हटलं. ती ताट वाढून नेहमीसारखी माझ्या उजव्या अंगाला येऊन बसली. हळूच म्हणाली, "मामा खोटं बोलत न्हाय. अन् तुम्ही पण न्हाय." दोघंही खरे कसे? हिचं काही कळत नाही. जेवणावरून उठलो. नंतर वाईट वाटलं.

२१ सप्टेंबर

तीन परत. थकलो. परवा शिफ्टला येतो, असं मुकादमाला सांगून आलो. बकुळाला अजून सांगितलेलं नाही.

२२ सप्टेंबर

सकाळीच सळई सटकली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. मामांनी हळद दाबून चिंधी बांधली. घरी जा म्हणाले. गेलो नाही. उद्यापासून लूमच आहे, आजचा दिवस तरी पुरा करावा.

कालच्या दहा अंगठ्या पाटावर होत्या. मामांनी पास-नापास एकत्र करून ठेवल्या होत्या. डाव्या चिमटीत एकही धरवेना. म्हणून उजव्या हातात घेतली, उजव्या कानाशी धरली आणि डाव्या बोटानं टिचकी मारली.

वाजली.

डाव्या कानाशी नेली — शांत. पुन्हा उजव्या — वाजली. दहाही तशाच बघितल्या. तीन खुळखुळत होत्या, अगदी स्पष्ट. मामा समोर बसून बघत होते. म्हटलं, "मामा, माझा डावा कान गेलाय." लूमच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. तिथं कोणाला काय कळणार?

मामांनी त्या तीन माझ्यापुढे सरकवल्या. "मग उजव्यानं ऐक. घे, पुन्हा बसव."

संध्याकाळपर्यंत तिन्ही मुक्या झाल्या.

२३ सप्टेंबर

मुकादमाकडे गेलो नाही.

बकुळाला कानाचं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "आपल्या धाकट्या पोरीच्या बारशापासनं म्हाईत हाय मला. वाटलं, तुम्ही लपवताय. म्हणून गप्प ऱ्हायले." सहा वर्षं ती उजवीकडे बसते, उजवीकडेच निजते.

त्याआधी डावीकडे निजायची. विचारलं, तेव्हा या डाव्या कानाशी काय काय बोलायचीस?

"लई बोलायची," म्हणाली. "आता न्हाय आठवत."