महाडला किती खर्चा येईल

आबा,

मायला महाड दाखवलं. माझ्या स्वतःच्या गाडीतून, मी चालवत नेऊन, आणि गाडीत थेंबभर डिझेल न टाकता. तुम्ही असता तर सगळ्यात आधी विचारलं असतं, "खर्चा किती आला?" सांगते, सगळं सांगते. पण आकडा आधीच सांगून टाकला तर माझी मजा जाईल, म्हणून जरा दम धरा. हे पाठवायचं कुठं ते मला ठाऊक नाही, तरी आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमची काळी-पिवळी जीप वाटूर फाट्यावर उभी असायची, परतूरच्या सवाऱ्या घ्यायला. मधूनच एखादी लांबची पार्टी यायची, लग्नाची, नाहीतर कुठं जायची-यायची. भाव विचारला की तुम्ही बॉनेटला टेकून डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात तो सगळा रस्ता चालवून यायचे. ओठ हलायचे. "जालना... औरंगाबाद... नगरला चहा... पुणं... मंग घाट." घाट आला की तुमच्या कपाळाला आठी पडायची. मग डोळे उघडून आकडा सांगायचे, आणि तो आकडा, आबा, जवळजवळ दर वेळी चुकायचा. कमीच निघायचा. हे तुम्हालाही माहीत होतं आणि फाट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर पार्टी आधी तुमच्याकडं यायची.

मायच्या माहेरची, केदारखेड्याची माणसं महाडला जायचं ठरवून आली तो दिवस मला अजून दिसतो. मी शाळेतून येतेय, दप्तर पाठीवर आहे, तुम्ही डोळे मिटून उभे आहात आणि मामा वाट बघतायत. आम्हाला नुकतंच शाळेत सरासरी शिकवलेली. मी पुढं होऊन बोलून टाकलं, किलोमीटर एवढे, लिटरला एवढे पडतात, डिझेलचा भाव एवढा, म्हणजे एवढे रुपये. सगळ्यांसमोर. तुम्ही डोळे उघडले आणि माझ्यावर ओरडलात, "गप बस! रस्ता काय तुझ्या वहीतल्या रेघेवानी सरळ हाये का? त्याला घाट हाये, माणसाला भूक हाये. जा घरी." मी रडत घरी गेले. माझा आकडा तुमच्यापेक्षाही कमी होता हे मला फार उशिरा कळलं.

त्या जीपमध्ये मायचे भाऊ, भावजया, म्हाताऱ्या, पोरं अशी खच्चून माणसं बसली आणि मायला जागा उरली नाही. "फुडच्या टायमाला तू फुडं बसशील, माझ्या शेजारी," तुम्ही म्हणालात. माय दारात उभी राहून हसत होती, भाकऱ्यांचं गाठोडं तिनंच बांधून दिलं होतं. परत आल्यावर तुम्ही कितीतरी दिवस त्या तळ्याचं सांगत राहिलात. ज्या पाण्याला आपल्या माणसांना हात लावू देत नव्हते तिथं हजारो माणसं ओंजळ घेऊन कशी उतरली असतील, पायऱ्या कशा आहेत, पाणी कसं आहे. माय ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "सगळं खरं, पर भाड्यात तुमचं जेवन धरलं व्हतं का?" धरलेलं नसायचं. ड्रायव्हरचं जेवण तुम्ही कधीच धरलं नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या मोकळ्या मैदानात तुम्ही मला जीपच्या स्टेअरिंगवर बसवलं. मला ओरडल्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. "हिशोब कर, कोन नको म्हनतंय. पर आधी गाडी चालवून बघ," एवढंच म्हणालात. माझे पाय क्लचला पुरत नव्हते म्हणून पाठीमागं मायची गोधडी घडी करून लावली होती. गाडीनं तीन गचके खाल्ले आणि बंद पडली, आणि मैदानाच्या कडेला बसलेली माणसं हसली. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंही नाही. "परत," म्हणालात. मला आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही दिलं, पण त्या "परत" इतकं मोठं कुणी काही दिलं नाही.

तर गाडी. मी परतूरच्या दवाखान्यात नर्स आहे, हे तुम्ही बघून गेलात. आता मला आसपासच्या गावांना रोज जावं लागतं, त्यात पगार पेट्रोलातच जात होता. म्हणून विजेवरची घेतली. पांढरी आहे. वाटूरला दाखवायला नेली तेव्हा धाकट्या भावानं गॅरेजातून हात पुसत येऊन आधी बॉनेट उघडलं. जीप सुटल्यावर तुम्ही फाट्यावर काढलेलं ते गॅरेज तोच चालवतो आता, तालुक्याच्या जीपा त्याच्या हाताखालून जातात. त्यानं आत बघितलं, वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ताई, इंजनच न्हाई हिच्यात."

"मोटर आहे."

"आवाज न्हाई, धूर न्हाई, तेल न्हाई. मंग बिघडल्यावर मी काय दुरुस्त करू?" त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्याच्या पोटावर पाय दिला. मला हसू आवरेना.

महाडचं मीच काढलं. मायचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती बरी चालायला लागली होती, पण हे किती वर्षं टिकेल कुणी सांगावं. धाकट्याचं म्हणणं, जायचं तर भाड्यानं डिझेलची गाडी करू, ही घाटात उभी राहिली तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठं जायचं. मी म्हटलं, आधी खर्च काढू. आणि आबा, आपल्या त्या स्वयंपाकघरात, माय चुलीजवळ शेंगदाणे भाजत असताना, मी फोन घेऊन बसले आणि मला अगदी फाट्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"युनिट म्हंजे आपल्या लाइटबिलावरचेच ना?" मायनं विचारलं.

"तेच. एका युनिटात गाडी सहा-सात किलोमीटर जाते. घरी भरली तर स्वस्त, रस्त्यावरच्या चार्जरला दुपटीहून जास्त पडतं. म्हणून घरून पूर्ण भरून निघायचं, आणि पुढं लागेल तेवढंच भरत जायचं."

"आन् घाटाचं?" धाकटा दारातून.

"घाटाचं वेगळं धरलंय. चढाला जास्त, आणि बॅटरीत पाचवा हिस्सा कायम शिल्लक."

"उभं किती ऱ्हायचं दर टायमाला?"

"तासभर."

"मंग तासाभराचे भजे धर. मी नुसता खांबाकडं बघत बसनार न्हाई."

माय शेंगदाणे हलवता हलवता थांबली. "ड्रायव्हरचं जेवन आधी धर," ती म्हणाली. मी धरलं. जाऊन-येऊन हजाराच्या आसपास किलोमीटर, तर विजेचे तीन हजारांच्या आतच बसत होते. धाकट्यानं मनातल्या मनात डिझेल काढलं, ते दुप्पट आलं असणार, कारण तो दारातून आत येऊन बसला. टोल, दोन रात्रींची खोली, जेवणं वेगळी. "बराबर हाये," तो शेवटी म्हणाला, "पर मी येनार. गाडी ढकलायला कोनतरी पाह्यजे."

आमच्या यांनी आणि पोरीनं तिच्या परीक्षेपायी घरीच थांबायचं ठरवलं, म्हणून आम्ही तिघंच. थंडी होती. माय पुढं बसली, मागं धाकटा आणि त्याचा पान्ह्यांचा डबा, ज्याचा त्या गाडीला काडीचा उपयोग नव्हता. वाटूर फाट्यावरून आवाज न करता आम्ही गेलो आणि चहाच्या टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या तेव्हा मायनं खिडकीतून हात हलवला, एखाद्या निवडून आलेल्या बाईसारखा. जालना, संभाजीनगर, नगर, सगळं सुरळीत. दर चार्जरला मायची ओळख व्हायची. शेजारच्या गाडीतल्या माणसांना ती आधी गाव विचारायची आणि मग चटणी-भाकरी पुढं करायची. नांदेडचं एक कुटुंब तर तिला फोन नंबर देऊन गेलं.

पुण्याच्या पुढं मात्र घोळ झाला. ताम्हिणी घाटाच्या अलीकडं जिथं भरायचं ठरवलं होतं तो चार्जर बंद. पडदा काळा. तिथला माणूस म्हणाला, "कालपासून बंद आहे ताई, शहरात परत जा." बॅटरीत निम्मं उरलेलं. धाकटा खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. परत फिरलो तर गर्दीत अख्खी दुपार जाणार, आणि मायला ती दगदग झेपली नसती. पुढं गेलो आणि नाही पुरलं तर जंगलात, घाटात, तिला घेऊन. मी दाराला टेकले आणि डोळे मिटले, आबा. खरंच मिटले. या बाजूनं घाटाचा चढ बेताचा आहे आणि उतार लांबलचक आहे, हे मी महिनाभर नकाशात बघत आले होते. तो रस्ता मनात चालवून आले. माणगावला चार्जर चालू आहे का ते फोन करून विचारलं. मग म्हटलं, "बसा. एसी बंद करते, काचा उघडा."

चढाला टक्के भराभर उतरत होते. माय आकडे वाचत होती, आधी मोठ्यानं, मग मनात. माथ्यावर पोचलो तेव्हा चोवीस होते. मग उतार लागला. मी पाय काढून घेतला, गाडी आपल्या वजनानं खाली निघाली, दोन्ही बाजूला झाडी, समोर दरीत धुकं. आणि माय ओरडली.

"अगं पंचवीस झाले! चोवीसचे पंचवीस! बघ की!"

"मीटर बिघडला आसंल," मागून धाकटा.

"बिघडला नाही. उतारावर चाकं मोटर फिरवतात, त्यातून वीज होते, तीच परत भरते."

"सव्वीस!" मायनं टाळी वाजवली.

धाकटा दोन सीटांच्या मधून डोकं घालून बघायला लागला. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "म्हंजे उतरताना गाडी कमावती?" तो म्हणाला, आणि सत्तावीस झाल्यावर, "ताई, हळू घे, ब्रेक मारू नको, अठ्ठावीस व्हईल." नाही झाले अठ्ठावीस. सपाटी लागली तेव्हा तो हळहळला, "अजून जरा उतार पाह्यजे व्हता." मला वाटलं, स्टेअरिंग सोडून नाचावं. तुम्ही हा घाट कपाळाला आठी घालून मोजायचे, आबा, आणि तुमची लेक तोच घाट उतरताना खर्च कमी करत होती.

माणगावला सतरा टक्के घेऊन पोचलो. महाडला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, खास तारीख नव्हती म्हणून गर्दीही नव्हती. धाकट्याच्या खांद्याला धरून माय एकेक पायरी उतरली. खाली बसली. ओंजळ भरली, ओठांना लावली, डोळ्यांना लावली आणि उरलेलं पाणी डोक्यावर घेतलं. मग म्हणाली, "लई सांगायचे. एवढं मोठं, असं पानी, अशा पायऱ्या. मला वाटायचं, निम्मं त्यायच्या पदरचंच हाये." आणि पदरानं तोंड पुसत, "खरंच व्हतं की सगळं."

मी तिच्याजवळ बसले. मग ती उठली, गुडघा चाचपला आणि मला म्हणाली, "रायगड किती लांब हाये हितून? चार्ज हाये का तेवढा?" अंदाजात रायगड नव्हता. रोपवेचं तिकीट नव्हतं. पाळण्यात बसून ती वर गेली तेव्हा धाकट्यानं डोळे गच्च मिटले होते आणि माय त्याला म्हणत होती, "अरे उघड, परत कव्हा दिसनार हे?"

आता परतीच्या वाटेवर, नगरच्या अलीकडं, गाडी खांबाला लावून मी आत बसून हे लिहितेय. दोघं समोरच्या हॉटेलात आहेत. खर्चा सांगते. परतीला घाट चढून यावा लागला तरी वीज मी धरली होती तेवढ्यातच बसतेय. पण भजी, चहा, मायनं भावजयांसाठी घेतलेले आंब्याचे आणि फणसाचे पदार्थ आणि तो रोपवे, हे विजेच्या वर गेलं. माझाही आकडा कमीच निघाला, आबा.

ऐंशी टक्के झाले की निघायचं असं ठरलेलं होतं, त्यानंतर गाडी फार हळू भरते. आता नव्वदच्या वर गेलेत, आणि मी अजून लिहितेच आहे. मघाशी धाकट्यानं काचेवर बोटं वाजवली, "झालं न्हाई का आजून? माय विचारून राह्यली." मी म्हटलं, "पुढचा चार्जर बंद असला तर? भरू दे थोडं." त्याला पटलं. तो परत भज्यांकडं गेला.

पुढचा चार्जर चालू आहे, आबा. मी कधीच विचारून घेतलंय.