रोही आडवी आली नव्हती

शहादा
२२ नोव्हेंबर २०२४

ती. हीनाजीजी,
जय जिनेंद्र.

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे पापांची तब्येत आधीपेक्षा बरी आहे. ताप गेला, जखम भरत आलीय. मां घास भरवायला लागली की चिडतात, ताट ढकलून देतात, मग स्वतःच गप्प होऊन तोंड उघडतात. दुकान सध्या दोधूकाकाच सांभाळतात. मी गल्ल्यावर बसतो, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते कानात शिरत नाही.

मुलांना शाळेत सोडायला जुनी गाडी घ्यायची म्हणतेस, काय काय बघायचं ते तू फोनवर विचारलंस. मी उत्तर दिलं नाही, कारण तुझा फोन जीजाजी उघडून बघतात. म्हणून हे पत्र दोधूकाकांच्या हाती देतोय. ते तुझ्याच हातात देतील.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघ. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर सरळ परत फिर. मागून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. पायाखालची मॅट उचलून वास घे, पाण्यात बुडालेल्या गाडीचा कुबट वास जात नाही. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळव.

मग बॉनेट उघड. नटांवरचा रंग खरवडलेला असेल तर ते काढून परत बसवलेत. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा लख्ख असेल तर का बदलला ते विचार. काचेच्या कोपऱ्यात वर्षाचा छाप असतो. बाकी सगळ्या काचा जुन्या आणि पुढची एकटीच नवी असेल, तर ती कशाने फुटली ते विचार. आणि इन्शुरन्स चालू असून क्लेम घेतला नसेल, सगळा खर्च गुपचूप खिशातून केला असेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

हे मी आता शिकलो. आखाजीला, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त म्हणून, तुमची पांढरी गाडी घेतली तेव्हा यातलं काहीच बघितलं नाही. घरची गाडी, घरचा माणूस. पुढची काच नवी होती, डावा हेडलाइट नवा होता. चहा देताना तूच म्हणालीस, "घाटात रोही आडवी आली रे, एवढं मोठं जनावर, नशीब यांना काही झालं नाही."

जीजी, रोही आडवी आली नव्हती.

नवरात्रात मी आणि पापा धडगावच्या बाजाराला कपडा घेऊन निघालो होतो. घाटातल्या वळणावर गाडी हळू केली, तर एक माणूस समोर येऊन उभा राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता, नंबर प्लेटकडे बघत होता. मग ओरडला, "हाईच! हाईच गाडी शे!" मी काच खाली करून विचारणार, तोच त्याच्या कुऱ्हाडीने पुढची काच फुटली. दुसरा घाव माझ्या खिडकीतून आला. पापांनी माझी मान खाली दाबली आणि उजवा हात मध्ये घातला.

तो आवाज मी तुला सांगणार नाही. रक्त माझ्या तोंडात गेलं. पापा ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त "रिषभ, गाडी मागे घे" एवढंच म्हणाले. मला गिअर सापडेना. त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात शेतातून एक म्हातारी पळत आली आणि त्याच्या कमरेला लटकली.

"वीरसिंग, हाऊ तो नही शे! तो मिशावाला व्हता! नीट देख!"

त्याने मला बघितलं. मग पापांचा हात बघितला. कुऱ्हाड रस्त्यावर पडली आणि तो तिथेच डोकं धरून बसला.

ती म्हातारी म्हणजे त्याची आई, फुलीबाई. तिने आपलं लुगडं फाडून पापांचा हात कोपराच्या वर आवळून बांधला. पापांना मागच्या सीटवर ठेवायला वीरसिंगनेच उचललं. शहाद्यापर्यंत फुलीबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि रस्ताभर बोलत राहिली. तिची सून तुळशी चैत्रात त्याच वळणावर पाणी घेऊन येत होती. पांढऱ्या गाडीने उडवली. गाडी थांबली. मिशीवाला माणूस उतरला, त्याने वाकून बघितलं, ती पाणी मागत होती. तो परत आत बसला, वळायला गाडी मागे घेतली, आणि चाक तिच्या पोटावरून गेलं. माय-लेकांनी वरच्या शेतातून हे सगळं बघितलं. उतरून येईपर्यंत ती गेली होती. वीरसिंगने पोलिसांना नंबरातले शेवटचे चारच आकडे सांगितले, सुरुवातीची अक्षरं त्याला दिसली नव्हती. नोंद झाली, अनोळखी वाहन.

दवाखान्यात तू रडत आलीस, मागे जीजाजी उभे होते. मी तुला म्हणालो, लुटायला आला होता, पकडलाय त्याला. गाडी चैत्रात तुमच्याकडे होती, म्हणून पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी फुलीबाईचं न ऐकता माझं ऐकलं. जीजाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला त्यांच्या मिशा दिसल्या.

पापांचा हात कापला त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, "तू असा का बघतोयस यांच्याकडे?" मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली उतरलो.

आता पुढचं. जीजाजींनी तुला सांगितलं तसं त्यांच्या तोंडावर मिरचीचं पोतं पडलं नव्हतं. दात पोत्याने पडत नाहीत. दिवाळीच्या आधी मी नंदुरबारला त्यांच्या मिरचीच्या गोडाऊनमध्ये गेलो होतो, सोबत चाकाचा पाना घेऊन. विचारलं, "कोण होती ती बाई?" ते म्हणाले, "कोणती?" मी पाना तोंडावर मारला. ते पडले. मी त्यांचे केस धरून तोंड मिरचीच्या ढिगात दाबलं, वर काढलं, परत दाबलं. त्यांचा श्वास कोंडला, माझेही डोळे जळत होते. शेवटी म्हणाले, "ती तशीही वाचली नसती रे. मी थांबलो असतो तर लोकांनी मला मारलं असतं." मी म्हणालो, "आणि गाडी मला का दिली? आम्ही दर बाजाराला त्याच रस्त्याने जातो, माहीत नव्हतं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या गप्पपणावर मी त्यांना सगळ्यात जास्त मारलं. हमालांनी मला ओढून बाहेर काढलं.

म्हणून भाऊबीजेला आलो नाही. तुझ्यासमोर तेच हात घेऊन ओवाळून घ्यायला बसणं जमलं नसतं.

मारून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरी येऊन पापांना सगळं सांगितलं. ते उठून बसले. मग म्हणाले, "वीरसिंग लुटारू म्हणून आत बसलाय. तो लुटारू नाही. त्याने माझा हात घेतला, त्याची शिक्षा त्याला होऊ दे. पण जावयाच्या वाटणीची नाही."

मां म्हणाली, "पोरीचं घर मोडेल."

पापा म्हणाले, "तिला त्या घरात तसंच ठेवू?"

काल आम्ही दोघांनी नवीन जबाब दिला. गाडी कोणाची होती, चैत्रात कोण चालवत होतं, सगळं. मी पाना मारल्याचंही लिहून दिलं, त्याची केस माझ्यावर होईल. पापांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. एक-दोन दिवसांत पोलीस तुमच्या दारात येतील. तुला ते त्यांच्याकडून कळू नये, म्हणून आज लिहितोय.

तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. माहीत नसेल तर मला शिव्या दे. माहीत असेल तरीही तू मला हवी आहेस.

मुलांना आज दुपारी शाळेतूनच घेऊन निघ. दोधूकाका रिक्षा घेऊन शाळेबाहेर थांबतील. नाही आलीस तर ते एकटे परततील आणि मी काही विचारणार नाही. मांने तुझी खोली झाडून ठेवलीय. भांडायला आलीस तरी ये.

तुझं घर स्वतःच्या हाताने मोडणारा,
तुझाच भाऊ
रिषभ