दोन मेणबत्त्या

मंठा, गुरुवार, १९ जानेवारी १९५६

औरंगाबादच्या शिबिरात शिकलेला प्रयोग आज सातवीच्या वर्गात केला. परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. हवेतला पाचवा हिस्सा जळाला म्हणून चढलं, असं मी सांगितलं. शिबिरातल्या साहेबांनीही तेच सांगितलं होतं.

मुलांना स्वतःच्या हातानं करू द्या, हेही त्यांचंच. म्हणून करू दिलं. तर कौसल्येनं दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्तच चढलं!

"गुरुजी, ग्लास तोच, हवा तेवढीच. मंग पाचवा हिस्सा वाढला कसा?"

मला न्हाई आलं. बिलकुल न्हाई. निजामाच्या राज्यात हे सगळं मी उर्दूतून घोकून पास झालो, ग्लासाला कधी हात लावला न्हाई. अन् शिबिरात तरी? आम्ही तीस मास्तर होतो. दोन मेणबत्त्या लावून पाहाव्यात, असं एकालाही का वाटलं न्हाई?

"माहीत न्हाई, आपण शोधू," एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो काय? "पुस्तकात आहे तेच लिही."

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांना विचारलं. ते हसले. "तुम्हीच तर शिकून आल्ते, मला काय विचारून राह्यले?"

आता वह्या तपासून राह्यलोय. कौसल्येनं दोन मेणबत्त्यांचं चित्र काढून त्यावर काट मारली आहे. खाली सुरेख अक्षरात लिहिलंय, पाचवा हिस्सा.

मी त्यावर बराबरची खूण केली.