पोर्चचा खटका

सोम. ३ नोव्हें.
बत्तीस दिवस. दसऱ्याच्या पहाटे हे फिरायला गेले ते गेलेच. दोन वर्षांपासून सगळं विसरत होते, पण घरची वाट कधी चुकले नव्हते. पोलीस ठाण्यात आजही तेच उत्तर. तेव्हापासून पोर्चचा दिवा मी मालवलेला नाही, दिवसासुद्धा. तरी कधी कधी सकाळी मालवलेला सापडतो. शेजारणीचं काम, दुसरं कुणाचं? "वहिनी, उन्हात कशाला?" म्हणत असते. तुझं काय जळतंय गं बाई!

बुध. ५
प्रमोद पुण्याहून आला, संध्याकाळी गेलासुद्धा. दिव्याला फोनवरून चालणारं यंत्र बसवलं. लेक पुण्यात बसून आईच्या दारातला दिवा लावणार. वा रे पठ्ठ्या! अंधार पडला की चालू, सकाळी सातला बंद. भांडले. "आई, दिवसा दिवा कुणाला दिसतो?"
वायरमन रफिकभाई म्हणाले, "चाची, पोर्च का खटका हमेशा चालू रखना. बंद करे तो फोन कू कुछ समझताच नई." खटका दाराबाहेर आहे, ह्यांनीच तिथं घ्यायला लावला होता. फिरून आले की आधी दिवा मालवायचे, मग चपला काढायचे.

शुक्र. ७
काल-आज दोन्ही दिवस संध्याकाळी दिवा लागला नाही. खटका बंद. म्हटलं, माझाच हात लागला असंल. आत्ता प्रमोदचा फोन. "आई, तू रोज सकाळी सव्वासहाला खटका का बंद करतेस? इथं फोनवर दिसतंय." "अरे, मी गोळी घेऊन सातपर्यंत झोपते."
सव्वासहा ही ह्यांची परत यायची वेळ.

शनि. ८
शेजारणीला विचारलं. "एकदाच मालवला हो, तोही दुपारी." खोटं बोलत नाय ती. फाटकाला नुसती कडी आहे. कुलूप मीच लावत नाही.

सोम. १०
गोळी घेतली नाही. पहाटे पाचपासून खिडकीशी. सात वाजले तरी कुणी नाय. खटका चालूच. लई चिडले, मग रडले. "यायचं तर सरळ या की हो!" मोठ्यानं बोलले. शेजारणीनं ऐकलं असणार. ऐकू दे.

मंगळ. ११
झोपले. खटका बंद.
प्रमोद म्हणतो, कॅमेरा लावू. नको म्हटलं. कुणी दिसलं तरी भ्या, नाही दिसलं तर लई भ्या.

गुरु. १३
खुलताबादला एक म्हातारा बसलेला असतो, असं कुणी सांगितलं. गेले. पाठीमागून अगदी हेच. टोपीसुद्धा. पुढून दुसराच. त्याला चहा पाजला अन् आले.
तेवढ्यात इकडं प्रमोदनं रफिकभाईंकडून दिवा डायरेक्ट करून घेतला. आता खटका नुसता शोभेला, दाबला तरी काही होत नाही. मला विचारलंसुद्धा नाही. सोयीचं केलं म्हणतो. सोय कुणाची, ते…

शुक्र. १४
सातच्या आत जाग आली. दिवा चालू. खटका बघायचा नाही असं ठरवलं होतं. बघितला. बंद केलेला.
म्हणजे दाबला, अन् दिवा विझला नाही.
सगळं विसरलेल्या माणसाला कदाचित एवढंच ठाऊक असंल, की हा खटका दाबला की दिवा मालवतो, तेच आपलं घर.
रफिकभाईंना फोन केला. "आज जुम्मा है चाची, नमाज के बाद आतूं." आले, खटका परत जोडून गेले. प्रमोद फोनवर ओरडला. ओरड म्हटलं.

शनि. १५
खटका चालूच.

रवि. १६
चालूच. पहाटे दार उघडं ठेवून झोपले होते.

सोम. १७
आजही चालू. प्रमोद खूश. "बघ आई, आता सगळं नीट चालतंय." फाटकापर्यंत गेले, रस्ता दोन्हीकडं बघितला.
दुपारी ठाण्यात जायचंय. तिथं काय सांगू? हरवलेला माणूस रोज घरी येत होता, अन् आम्ही त्याचं दार चुकवलं, असं?